चारची सुई

१

जनावरांच्या दवाखान्यात त्याला सगळे पक्कड म्हणत. नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण पाडणाऱ्यानं चुकीचं पाडलं नव्हतं. डॉक्टरीणबाई सुया टोचत, टाके घालत, दात उपटत. तो जनावर धरायचा. काम एवढंच, पण ते जमायला लोकांची हयात जाते. मांजर असेल तर टॉवेलात गुंडाळायचं आणि फक्त हवा तो पाय बाहेर ठेवायचा. कुत्रा असेल तर एक हात मानेखालून, दुसरा पोटावरून, आणि आपली छाती त्याच्या पाठीला टेकलेली. आपण जोर केला की जनावर दुप्पट जोर करतं, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता.

धरण्याहून अवघड सोडणं. नवशिके सुई निघाली की झटकन हात काढतात आणि चावून घेतात. तो आधी पकड सैल करायचा, मग पाठीवरून एक लांब हात फिरवायचा, मग कानाशी म्हणायचा, ‘‘सुट्टी!’’ त्या शब्दाशिवाय त्यानं कधी हात उचलला नव्हता. संपलं हे जनावराला कुणीतरी सांगायला नको? नाहीतर त्याच्या लेखी ते चालूच राहतं.

‘‘बायकोलाही असाच धरतोस का रे?’’ डॉक्टरीणबाई अधूनमधून विचारायच्या.

‘‘तिला कोण धरणार, बाई? ती गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. घरी आली तरी तो पाय काही उचलत नाही.’’

त्या दिवशी मात्र बाई हसल्या नाहीत. एका कुत्रीचे टाके काढून झाल्यावर त्यांनी त्याचं डावं मनगट उजेडात धरलं. ‘‘हे कुणी केलं? कुत्र्याचा दात नाही हा.’’

त्यानं पाहिलं. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन कमानी उमटल्या होत्या, वरची आणि खालची. कडा जांभळ्या, आणि एका ठिकाणी रक्त आलेलं.

‘‘माणसाचं पोर आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दुधाचे दात. वरचे समोरचे दोन बघ, किती नीट उमटलेत. लेकीला म्हणावं, बापाला खायचंच असेल तर मीठ तरी लावून खा.’’

मिरीच ती, दुसरं कोण? ती आजारी असताना या मनगटावर अशा खुणा रोजच असायच्या. आता तिला बरं होऊन तीन महिने झाले होते, म्हणून तो चकित झाला, एवढंच. झोपेत चावली असेल.

संध्याकाळी फाटकाची कडी वाजली तशी मिरी धावत आली. सहा वर्षांची, गाल भरलेले, डोक्यावर बोटभर नवे केस. तिनं आ करून त्याला तोंड दाखवलं, कारण ते दाखवल्याशिवाय ती हल्ली कुणालाच घरात घेत नसे. वरचे समोरचे दोन्ही दात गायब. पहिला दोन आठवड्यांपूर्वी चेंडू लागून पडला होता, दुसरा तिनं स्वतः दाराला दोरा बांधून काढला होता.

तो तिथेच, एक पाय पायरीवर ठेवून, तिच्या तोंडातल्या त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

२

आजार रक्ताचा होता. सुरुवात झाली ती पायांवरच्या निळ्या डागांनी. पडली नाही, धडपडली नाही, तरी डाग. मग नाकातून रक्त, मग ताप, मग मोठं हॉस्पिटल आणि डॉक्टरांचे ते हळू आवाजातले शब्द. हॉस्पिटलातून घरी सोडलं तेव्हा एक गोष्ट बरोबर आली: रोज दुपारी चार वाजता मांडीत एक सुई. ती द्यायला नर्सबाई घरी यायच्या. धरायला कुणीतरी हवं होतं. धरायला याच्याहून चांगला माणूस साऱ्या गावात नव्हता.

मागची खोली, लोखंडी पलंग, खिडकीला जाड पडदा. तो रोज पावणेचारला कामावरून घरी यायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा आणि मिरीला टॉवेलात गुंडाळायचा. फक्त एक मांडी बाहेर. छाती तिच्या पाठीला, हनुवटी तिच्या टकलावर. ती लाथा झाडायची, डोकं आपटायची, चावायची. ओरडायची ते मात्र आईच्या नावानं. आई तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शिकाऊ गाडीत काचा वर करून, इंजिन चालू ठेवून बसलेली असायची. एकदा ती त्याला म्हणाली होती, ‘‘तुझ्या हातांना काही वाटत कसं नाही रे?’’ हातांना वाटून चालणार नव्हतं.

‘‘तुम्ही धरलंत की अर्ध्या मिनिटात काम होतं,’’ नर्सबाई म्हणायच्या. भेटायला येणारे म्हणायचे, पोरगी किती शूर! शूर कसली? शूर व्हायला आधी पळून जायची मुभा असावी लागते. तिच्याकडे ती नव्हती. ती तिच्या बापानंच काढून घेतली होती, आणि ज्यांनी कधी स्वतःचं मूल असं दाबून धरलं नाही त्यांनी ‘शूर’ हा शब्द जपून वापरावा.

शेवटच्या दिवशी नर्सबाईंनी सुई काढली आणि म्हणाल्या, ‘‘संपली! रिपोर्ट चांगला आलाय, सकाळीच फोन आला. मी मुद्दाम आता सांगतेय.’’ त्यासरशी तो पलंगावरून उडीच मारून उठला. बाहेर धावला, गाडीचं दार उघडलं, बायकोला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. दोघं रस्त्यात उभी राहून रडली, हसली. मिरी आत पालथीच पडून होती. मग नर्सबाईंनी तिला उचलून आणलं.

पाठीवरून हात फिरवायचा राहिला. शब्दही राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

३

चावा दुसऱ्या दिवशीही उमटला, तिसऱ्याही. मग बरगडीवर टाचेएवढा काळा डाग. मग हनुवटीखाली सूज, जणू खालून कुणी डोकं आपटलंय. आणि सगळं दुपारी चारच्या सुमाराला. त्या वेळी तो दवाखान्यात असायचा, हात कधी रिकामे, कधी कामात.

‘‘शर्ट काढ,’’ बायको म्हणाली. तिनं पाहिलं आणि पलंगावर बसलीच. ‘‘कुणाशी मारामारी करतोस?’’

‘‘एक घोडा आलाय. जरा नाठाळ आहे.’’

‘‘घोड्याला इतकी छोटी टाच असते?’’

‘‘शिंगरू आहे.’’

‘‘खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, हे तुला अजून कुणी सांगितलं नाही का?’’ ती त्याच्या बरगडीला तेल लावत म्हणाली. ‘‘वर्षभर झोप नाही, धड जेवण नाही. शरीर आता हिशेब मागतंय. रजा घे चार दिवस.’’

त्याला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. शरीर लक्षात ठेवतं, असं कुठेतरी ऐकलं होतं. जुनी जखम फिरून दुखते, तशी फिरून उमटतही असेल. त्यानं रजा घेतली.

रजेच्या पहिल्या दुपारी तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होता. बायको शिकवणीला गेलेली. खिडकीतून मिरी दिसत होती. अंगणात ती दोरीवरच्या उड्या मारत होती, आणि चुकली की दोरीलाच रागवत होती. त्याला वाटलं, सुख म्हणतात ते हेच असावं.

चार वाजले. मागच्या खोलीतून आवाज आला. टक.

मग पुन्हा, टक, टक. लोखंडी पलंगाचा पाय भिंतीवर आपटत होता. तो आवाज तो कधीच विसरणार नव्हता. मिरीच्या लाथांचा आवाज.

खिडकीबाहेर मिरी उड्या मारत होती.

४

ती खोली आता अडगळीची झाली होती. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण बरी झाल्यापासून मिरी पुढच्या खोलीत आईजवळ झोपायची आणि मागे कुणी फिरकत नसे. पलंगावर नुसती गादी आणि एक पांढरी चादर. खोलीभर अजून औषधाचा वास होता.

त्यानं दार उघडलं. पलंग हलत होता. गादीत दोन खड्डे पडले होते, मोठ्या माणसाच्या गुडघ्यांचे. त्याच्या गुडघ्यांचे, कारण तो रोज तिथेच टेकायचा. त्या दोन खड्ड्यांच्या मधे गादी लहान आकारात दबत होती, उचलली जात होती, परत दबत होती.

वारा? खिडकी बंद. उंदीर? उंदरानं पलंग हलत नाही. मन एकेक कारण पुढे करत होतं आणि तो एकेक बाजूला टाकत होता. तोवर पाय पलंगाशी पोहोचले होते. त्यानं गुडघे त्या खड्ड्यांत टेकवले. हात पुढे केले.

हातांना अंग लागलं. तापानं फणफणलेलं, हाडं टोचतील इतकं बारीक. हनुवटीखाली टक्कल आलं, घामानं ओलं. डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं. पण त्याच्या हातांनी हजारो जनावरं धरली होती आणि हात कधी चुकत नसत. ही मिरी होती. तीन महिन्यांपूर्वीची.

ती लढत होती. तीन महिने लढत होती, आणि आधीच्या पुसट खुणा त्यानं दवाखान्यातल्या जनावरांच्या नावावर खपवल्या होत्या. आणि इतके दिवस तिला कोण धरून होतं, हे त्याच्या अंगावरच्या खुणा सांगत होत्या.

मनगटात दात रुतले. वरचे, समोरचे, दोन्ही.

अर्ध्या मिनिटानं सगळं थांबलं. हाताखाली नुसती चादर उरली.

५

रात्रभर त्यानं एकच विचार केला. चूक माझी. मी तिला सोडलंच नाही. आणि जी चूक कळली ती दुरुस्त करता येते, यावर त्याचा अजून विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी तो चार वाजायच्या आधीच पलंगावर बसला. गादी दबली तशी त्यानं तिला अलगद धरलं, जोर न करता. लाथा खाल्ल्या. मग पकड सैल केली. पाठीच्या मणक्यांवरून, एकेक मणका बोटांना लागत होता, एक लांब हात फिरवला. कानाशी वाकून तो म्हणाला, ‘‘सुट्टी, मिरे. सुट्टी.’’

आणि हात उचलले.

पलंग शांत झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग फरशीवर अनवाणी पावलं वाजली. चट, चट, चट. पलंगापासून दाराकडे, दारातून बाहेरच्या खोलीकडे.

अंगणात दोरीचा आवाज बंद पडला.

तो धावला. मिरी फाटकाशी पडली होती. नाकातून रक्ताची धार, ओठ पांढरे, अंगाला हात लावला तर चटका. आणि तिच्या पायांवर, त्याच्या डोळ्यांसमोर, डाग फुटत होते. एक पिंढरीवर. एक गुडघ्याच्या वर. दोन मांडीवर. कागदावर शाई सांडावी तसे.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘मला परत बरं वाटत नाहीये.’’

नवरा म्हणून, बाप म्हणून, शहाणा माणूस म्हणून त्यानं तिला उचलून हॉस्पिटलकडे पळायला हवं होतं. त्याच्या हातांनी तो विचार केलाच नाही. तो उलटा घरात पळाला. पावलं आतच होती. बाहेरच्या खोलीत खुर्ची कलंडली, पडदा सळसळला. त्याची चाहूल लागताच पावलं मागच्या खोलीत पळाली. तो दारातून आत झेपावला आणि आवाजाच्या मागे पलंगाखाली घुसला. धुळीत पाच लहान बोटांचे ओरखडे समोर उमटत गेले, भिंतीकडे. त्यानं हात घातला. घोटा सापडला. ओढलं. डोकं लोखंडाच्या दांड्यावर आपटल्याचा आवाज झाला आणि एक किंकाळी फुटली, ओळखीची. त्यानं तिला पलंगावर फेकलं, खुंटीवरचा जुना टॉवेल ओढला, गुंडाळलं, वर छाती टाकली. नखं त्याच्या डोळ्याखालून गालावर उतरली. त्यानं नखांसकट हात मुरगळून पाठीशी नेला. जनावराच्या बाबतीत त्यानं असं कधी केलं नव्हतं.

‘‘बाबा!’’ अंगणातून हाक आली. आवाज ठणठणीत. ‘‘माझी दोरी फाटकात अडकलीये, काढून द्या ना!’’

‘‘आलो,’’ तो म्हणाला. रक्त त्याच्या तोंडात उतरत होतं. ‘‘आलोच बाळा.’’

६

मग ते रोजचं झालं. माणूस कशालाही सरावतो, हे म्हणणारा खरं बोलतो आणि त्या खरेपणाची लाज वाटायला हवी.

अंगणातली मिरी रोज थोडी वाढत होती. शाळेत नाव घातलं. चप्पल लहान झाली. एक दात हिरडीतून डोकावला. आणि तिच्या अंगात जेवढं बळ येई तेवढंच आतलीच्या अंगात येई. अर्ध्या मिनिटाचं एक मिनिट झालं, एकाचं पाच. एका दुपारी तिनं त्याची करंगळी मोडली, आणि त्यानं तिला मारलं. उघड्या हातानं, चेहरा असेल तिथे. मग मुठीनं. आजवर मिरीला त्यानं बोट लावलं नव्हतं. मारल्यावर ती थोडा वेळ शांत झाली, आणि त्याला समजलं की मारलं तर काम लवकर होतं. त्या समजण्याला तो सर्वांत जास्त घाबरला.

‘‘पक्कड, तुझी पकड सुटायला लागलीये,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मांजरीनं टेबलावरून उडी मारली होती आणि तो नुसता बघत राहिला होता. ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’

‘‘पोरगी एकदम छान आहे, बाई.’’

‘‘मी तुझं विचारलं.’’

बायकोनं मात्र विचारणं सोडून दिलं होतं. ती आता पाळत ठेवत होती. रोज मिरीचं अंग तपासायची, आंघोळीच्या निमित्तानं. एक ओरखडा नाही. मग नवऱ्याचं अंग बघायची आणि तोंड फिरवायची. शेवटी एके दिवशी तिनं चारची शिकवणी रद्द केली.

७

त्या दुपारी त्याचा खांदा निखळला.

आतलीनं एकदम मुसंडी मारली आणि उजवा हात सांध्यातून बाहेर आला. वेदनेनं डोळ्यांपुढे अंधारी आली. टॉवेल सुटला. एका हातानं त्यानं चादर तिच्यावर ओढली आणि स्वतःला वर झोकून दिलं, पण ती खालून सरकत होती, तसूतसूनं.

दारात बायको उभी होती. तिला दिसत होता रिकाम्या पलंगावर पालथा पडून चादरीशी झुंजणारा, रक्तबंबाळ नवरा.

‘‘अरे देवा,’’ ती म्हणाली. ‘‘अरे, काय करून घेतलंस हे? ऊठ. ऊठ म्हणते ना!’’

‘‘पाय धर.’’

‘‘कुणाचे?’’

‘‘सुटतेय ती! पाय धर!’’

‘‘इथे कुणी नाहीये. ऐक माझं, इथे कुणीसुद्धा…’’

‘‘आई,’’ पुढच्या खोलीतून मिरी म्हणाली. ‘‘आई, नाकातून लाल येतंय.’’

बायको वळली. वळता वळता थांबली. नवऱ्याला आधी उठवावं, मग लेकीकडे जावं, असं काहीसं तिच्या मनात असावं. तिनं त्याला ओढायला खाली हात घातला, आणि हात चादरीवर पडला.

तिचा चेहरा त्यानं पाहिला. आधी काहीच नाही. मग तिची बोटं आपोआप चालू लागली, आंघोळ घालताना चालतात तशी. गुडघा. मांडी. मांडीवरची ती गाठ, रोजच्या सुईनं झालेली. बाहेरच्या मिरीची गाठ केव्हाच जिरली होती.

‘‘ही तापलीये,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘अरे, हिला किती ताप आहे.’’

‘‘माहितेय.’’

‘‘आणि तू हिला…’’

‘‘आई, फरशीवर पडतंय!’’ बाहेरून हाक आली. ‘‘आई, पायाला काय झालं बघ ना!’’

चादर त्याच्या छातीखालून वर ताणली गेली. कापडात नाक उठलं, कपाळ उठलं, उघडं तोंड उठलं. चेहरा आईच्या दिशेला वळला. त्या चेहऱ्यानं वर्षभर या दाराकडे बघत हाका मारल्या होत्या आणि दारात कधी कुणी आलं नव्हतं. आता लाथा थांबल्या. अगदी थांबल्या.

‘‘आई,’’ चादरीखालून स्पष्ट, सगळ्या दातांनिशी आवाज आला. ‘‘आलीस?’’

बायकोनं एकदा दाराबाहेर पाहिलं. पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी मिरीचे दोन पाय दिसत होते, आणि त्यांवर वर चढत जाणारा निळा रंग.

‘‘हो गं राणी, आले,’’ ती म्हणाली, आणि चादरीखालच्या दोन्ही गुडघ्यांवर सगळं वजन टाकून बसली.